पूल

नार्वे ते दिवाडी, पाच मिनिटांचं पाणी.
बत्तीस वर्षं मी या पाण्याच्या दोन्ही काठांना
फेरी बांधतो आणि सोडतो.
हातात दोर,
आणि कमरेत, डाव्या अंगाला,
एक जण राहायला आलेला.

पहिल्यांदा आला तेव्हा पाहुणा वाटला.
निर्गुडीचा शेक दिला, गेला.
चवथीला परत आला, माटोळी बांधताना.
काजूची फेणी चोळली, थोडी पोटातही घेतली,
गेला.
मग शिगम्याला. मग भाचीच्या बारशाला.
मग कशालाच नाही, असाच,
चप्पल घालायला वाकलो तर
दारात उभा.
गोळी खाल्ली की झोपायचा, जायचा नाही.
बायको म्हणाली, त्याचं नाव आता रेशनकार्डावर घाला.

म्हापशाला, बाजारामागे, पहिल्या माळ्यावर
वेनिशा कुलासो. माझ्या धाकटीच्या वयाची.
मला वाटलं, पालथं घालेल, तांबडा दिवा लावेल.
तिनं टॉवेल हातात दिला.
“अंकल, फेरी बांधून दाखवा.”
इथं?
“इथंच. हा खाटेचा पाय म्हणजे धक्का.”

लाजत लाजत बांधली.
ओहोटीची बांधली, भरतीची बांधली,
शेवाळलेल्या धक्क्यावरची बांधली.
ती जमिनीवर बसून माझ्या पायांकडे बघत होती.
दुखणं वर, आणि ही खाली काय शोधते?
“कंबर एकटीच ओढते,” ती म्हणाली,
“पाय झोपलेत. ढुंगण तर कधीच पेन्शनीत गेलंय.”
मी हसलो. हसतानाही दुखलं.

मग म्हणाली, उताणे पडा. गुडघे वर. टाचा रोवा.
आता कंबर उचला.
याला पूल म्हणतात.

पूल.
मी छताकडे बघत राहिलो.
दर निवडणुकीत कुणीतरी आमच्या धक्क्यावर उभा राहून
तोंडानं पूल बांधतो,
आणि त्या रात्री आम्हा खलाशांना जेवण जात नाही.
ही पोर सांगते, रोज वीस पूल.
दहा सकाळी, दहा रात्री.

तिसऱ्या पुलाला मांड्या थरथरल्या,
धक्क्याला लागताना फेरी थरथरते तशा.
“कंबर सोडू नका. श्वास सोडा.”

बरं वाटलं नाही. उलट नव्याच जागा दुखल्या,
ज्या माझ्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.
फोन करून चिडलो.
“त्या जाग्या झाल्यात,” ती म्हणाली, “झोपवू नका.”
पुढचे पंधरा दिवस चक्क थाप मारली, केले म्हणालो.
तिनं मांडीला एक बोट लावलं
आणि काही न बोलता टॉवेल अंथरला.

किती महिने गेले, मोजले नाहीत.
एवढं आठवतं: चवथ आली.
माटोळी वर चढवली, कवंडळं बांधली,
आंबाडे, सुपारीचा घड, नारळाची पेंड,
शिडीवरून उतरलो, हात धुतले,
आणि पाटावर बसताना ध्यानात आलं
की कुणी आलेलं नाही.
बायकोला सांगितलं नाही.
नाव घेतलं तर यायचा.

त्याला आता दोन वर्षं होतील.
नवा खलाशी डेन्झिल, बावीस वर्षांचा,
दोर कमरेनं ओढतो.
मी ओरडतो, पाय! अरे, पाय!
तो खाली वाकून बुटाची नाडी बघतो.

रात्री शेवटची खेप झाली, इंजिन निवलं
की मी डेकवर चादर पसरतो,
टाचा लोखंडात रोवतो.
खाली नदी.
आठवा, नववा चालू असताना
धक्क्यावरचं मांजर येतं,
शेपटी ताठ उभी करून
माझ्या पाठीखालून पलीकडे निघतं,
मध्येच थांबतं, पंजा चाटत बसतं.

ते पार होईस्तोवर
मी कंबर खाली आणत नाही.